इंजिनचा वॉरंटी दावा नाकारला, तर सातारा-सांगलीतून तक्रार कशी करायची?

वर्कशॉपमधून फोन येतो: ‘कंपनीने क्लेम रिजेक्ट केलाय, एस्टिमेट दीड लाखाचं आहे, काम सुरू करू का?’ या फोनवर लगेच होकार देऊ नका. इंजिन दुरुस्त झालं की जुने बेअरिंग, पिस्टन, रॉड भंगारात जातात, आणि बिघाड कशाने झाला हे दाखवणारा पुरावाही त्यांच्यासोबत जातो.

पहिलं काम म्हणजे नकार लेखी मिळवणं. वर्कशॉपला मेल करा आणि त्याची प्रत कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवा. वॉरंटी पुस्तिकेतल्या कोणत्या कलमाखाली दावा नाकारला, तपासणीत नेमकं काय सापडलं, त्याचे फोटो आणि ईसीयूतल्या (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकातल्या) फॉल्ट कोडचा, म्हणजे बिघाडाच्या सांकेतिक नोंदींचा, प्रिंट, एवढं मागा. कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ही हवी. बिघाड झाला त्या क्षणी कूलंटचं तापमान, इंजिनचे फेरे आणि गाडीचा वेग किती होता, याची ती नोंद असते. कोड क्लिअर केले की ती पुसली जाते, म्हणून क्लिअर करण्याआधीच मागायची. जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत आणि किलोमीटरच्या आकड्यासह लिहिली आहे का, हेही पाहा. ‘इंजिन चेक करणे’ एवढंच लिहिलेलं जॉब कार्ड पुढे काही कामाचं नसतं.

नकाराचं कारण टिकतं का?

सगळा वाद इथेच ठरतो. कंपनीने दिलेलं कारण आणि मोडलेला भाग यांचा संबंध लागतो का, हे तपासायचं.

‘सर्व्हिस उशिरा केली’ हे नेहमीचं कारण. बऱ्याच गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलायला सांगितलेलं असतं. सर्व्हिस पाचशे-सहाशे किलोमीटर उशिरा झाली आणि टायमिंग चेनचा टेन्शनर (इंजिनातली साखळी ताणून धरणारा भाग) मोडला, तर त्या उशिराने टेन्शनर कसा मोडला हे लेखी विचारा. पण तेच ऑइल पंचवीस हजार किलोमीटर चाललं असेल आणि व्हॉल्व्ह कव्हरखाली काळा गाळ साचला असेल, तर तुमची बाजू कमकुवत आहे. हे आधीच ओळखलेलं बरं. बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिस केली असेल तर ऑइलचा ग्रेड (उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३०), लिटर, फिल्टर आणि किलोमीटर लिहिलेलं बिल लागतं. नुसती ‘सर्व्हिसिंग’ लिहिलेली चिठ्ठी पुरत नाही.

‘इंजिन तापलं तरी गाडी चालवली’ हे दुसरं. खंबाटकी किंवा पसरणी घाटात काटा लाल पट्ट्यात गेल्यावरही गाडी रेटली की हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकतं, त्याखालचं गॅस्केट जातं, कूलंट ऑइलमध्ये मिसळून ऑइल दुधाळ होतं. तरीही मुळात कूलंट कशामुळे गेलं, हा प्रश्न उरतो. वॉटर पंप किंवा होज वॉरंटीत असतानाच निकामी झाला असेल, तर मूळ दोष त्या भागाचा. दिवा लागल्यावर किती वेळाने गाडी थांबवली, टो कधी बोलावला, याच्या कॉल नोंदी आणि पावत्या इथे कामी येतात.

भेसळीच्या इंधनाचा आक्षेप असेल तर टाकीतल्या इंधनाचा नमुना दोन स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत घ्या, दोन्ही सील करून त्यावर तुमची आणि वर्कशॉपची सही घ्या आणि एक बाटली तुमच्याकडे ठेवा. ऑइलचा नमुनाही असाच ठेवायचा.

पाण्याचं प्रकरण वेगळं. कृष्णेचा पूर २०१९ आणि २०२१ मध्ये ज्यांच्या दारात आला, त्यांना हे ठाऊक असेल. पाणी शिरलेल्या इंजिनाला स्टार्टर मारला की रॉड वाकतो. हा वॉरंटीचा नव्हे, विम्याचा विषय, आणि तोही विम्यासोबत इंजिन प्रोटेक्ट हे जादा संरक्षण घेतलं असेल तर. तिथे कंपनीशी भांडण्यात महिने घालवू नका, विमा कंपनीला लगेच कळवा.

इंजिन उघडताना स्वतः हजर राहा आणि व्हिडिओ काढा. शक्य असेल तर परवानाधारक मोटार सर्व्हेअर किंवा मेकॅनिकल अभियंता सोबत न्या. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सांगलीचं वालचंद महाविद्यालय यांच्या मेकॅनिकल विभागांत तज्ज्ञासाठी विचारणा करता येईल. निर्मितीदोष होता असं तुमचं म्हणणं असेल, तर तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय ते सिद्ध करणं फार अवघड जातं. उघडलेल्या भागांची यादी करून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, आणि वाद मिटेपर्यंत भाग जपून ठेवावेत असं लेखी कळवा.

तक्रार कोण, कुठे, किती दिवसांत?

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, नोंद करा. ती विनामूल्य आहे आणि काही दावे तिथेच मिटतात. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, आणि तिथे घालवलेल्या काळामुळे मुदत थांबत नाही.

आदेश देतो तो जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. गाडी पुण्यात घेतली असली तरी वाईच्या माणसाला साताऱ्यात आणि तासगावच्या माणसाला सांगलीत दाद मागता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

गाडी व्यापारासाठी घेतली असेल तर तुम्ही ‘ग्राहक’ ठरत नाही. मात्र केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या गाडीला सवलत आहे. महाबळेश्वरला एकच टॅक्सी स्वतः चालवणारा या सवलतीत बसतो. दहा गाड्या पगारी ड्रायव्हरवर चालवणाऱ्याला अडचण येते.

कोणता आयोग आणि किती शुल्क, हे दुरुस्तीच्या खर्चावर नव्हे, तर दिलेल्या किमतीवर ठरतं. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४००, पन्नास लाखांपर्यंत १,०००. म्हणजे नऊ लाखांच्या गाडीचं दीड लाखाचं इंजिन असेल तरी शुल्क २०० रुपयेच.

अर्जासोबत काय जोडायचं?

गाडीचं खरेदी बिल, आरसी, वॉरंटी पुस्तिका (वाढीव वॉरंटी असेल तर तिचं प्रमाणपत्र आणि अटी), सर्व सर्व्हिस बिलं, जॉब कार्ड, एस्टिमेट, नकाराचं पत्र, मेल, तज्ज्ञाचा अहवाल, ओळख आणि पत्त्याचा पुरावा. व्हॉट्सॲप संदेश, फोटो, व्हिडिओ यांसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र लागतं. हे हमखास राहून जातं. तक्रार, तारखांचा क्रम, कागदांची यादी आणि शपथपत्र यांच्या प्रती प्रत्येक सामनेवाल्यासाठी (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यासाठी) वेगळ्या काढा. सामनेवाला म्हणून डीलर आणि उत्पादक दोघांनाही धरा. वाढीव वॉरंटी वेगळ्या कंपनीची असेल तर तीही. एकाला वगळलं की उरलेला त्याच्याकडे बोट दाखवतो.

तक्रारीआधी १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने पाठवावी. कायद्याने ती सक्तीची नाही, पण तुम्ही संधी दिली होती हे दिसतं. अर्ज ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवरही करता येतो. वकील घेण्याची सक्ती नाही.

मागणी नेमकी लिहा: विनामूल्य दुरुस्ती किंवा आधीच भरलेल्या बिलाची रक्कम, पर्यायी प्रवासाचा पावत्यांसह खर्च, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. सरसकट नवी गाडी मागितली की प्रकरण ताणतं. दोष भाग बदलून निघत असेल तर आयोग सहसा गाडी बदलून देत नाही.

नोटीस पोहोचल्यावर सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. आयोगाने नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत असते, आणि चाचणीचं शुल्क आधी तक्रारदारालाच भरावं लागतं. कायद्यात निकालासाठी तीन महिने, चाचणी लागली तर पाच महिने धरले आहेत. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, म्हणून सुटे भाग आणि नमुने तोवर टिकतील अशी सोय आधीच करावी लागते. निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. कंपनी अपिलात गेली तर तिला आदेशातल्या रकमेपैकी निम्मी आधी भरावी लागते.