आडवं नोजव्हील : ए३२० च्या जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

नाकाखालची दोन्ही चाकं आडवी वळलेली, टायरमधून ज्वाळा निघताहेत आणि तरी विमान धावपट्टीवर जवळपास रेषेत धावतंय, हे दृश्य अनेकांनी पाहिलेलं असतं. ते आहे २१ सप्टेंबर २००५ चं, लॉस एंजेलिसचं. जेटब्लू या अमेरिकी कंपनीचं एअरबस ए३२० विमान (फ्लाइट २९२) बरबँकहून न्यूयॉर्कला निघालं आणि उड्डाणानंतर लगेच पुढचं चाक नीट आत जाईना. वैमानिकांनी लाँग बीचच्या टॉवरजवळून विमान खालून नेलं, तेव्हा खालच्यांनी सांगितलं की चाकं ९० अंशांत फिरली आहेत.

ए३२० ला हवेत इंधन सोडून देण्याची सोय नसते. त्यामुळे वजन कमी करायला सुमारे तीन तास घिरट्या घालाव्या लागल्या. प्रवासी समोरच्या पडद्यावर स्वतःच्याच विमानाच्या बातम्या बघत होते. टीव्ही बंद झाला तो उतरण्याआधी. कॅप्टन स्कॉट बर्क यांनी मागची चाकं टेकवली, नाक जमेल तितका वेळ वर धरलं, रिव्हर्स थ्रस्ट (इंजिनाचा झोत उलटवून वेग कमी करणं) आणि ऑटोब्रेक (आपोआप लागणारे ब्रेक) वापरलेच नाहीत. चाकाचा रिम घासून निम्मा झाला. १४६ जणांपैकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही आणि सगळे शिडीवरून उतरले.

कौतुक झालं ते रास्तच. पण हे दुखणं त्या दिवशीचं नव्हतं.

एकेकाळी प्रवासी विमानांना तिसरं चाक शेपटीखाली असे, डीसी-३ सारखं. डीसी-४ च्या पिढीपासून ते नाकाखाली आलं आणि जमिनीवर विमान वळवण्याचं काम त्याच्याकडे गेलं. १९८७ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या ए३२० मध्ये वैमानिक आणि चाक यांच्यामध्ये संगणक येऊन बसला. वैमानिक मागणी करतो, ब्रेक आणि स्टिअरिंग सांभाळणारा संगणक ती तपासतो आणि हायड्रॉलिक दाबाने चाक वळवतो. उड्डाणानंतर शॉक अब्सॉर्बर लांबला की त्याच्या आतले कॅम, म्हणजे खास आकाराचे धातूचे भाग, एकमेकांत बसतात आणि चाक सरळ होतं. म्हणजे हवेत चाक सरळ ठेवणं हे साध्या यांत्रिकीचं काम. संगणकाचा त्यात फारसा हात नाही.

तरीही फेब्रुवारी १९९९ मध्ये ओहायोतल्या कोलंबसला अमेरिका वेस्ट या विमान कंपनीचं ए३२० असंच आडव्या चाकावर उतरलं. तिथे दोष निघाला स्टिअरिंगच्या व्हॉल्व्हमधल्या ओ-रिंगचा, म्हणजे गळती रोखणाऱ्या गोल सीलचा. सील जागेवरून सरकलं होतं आणि दाब भलतीकडे जात होता. ते भाग बदलण्याचे आदेश निघाले, प्रकरण मिटल्यासारखं वाटलं.

२००५ मध्ये लक्षण तेच, कारण मात्र निराळं. एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेच्या तपासात चाकाच्या वरच्या आधाराला फिरू न देणारे दोन लग, म्हणजे धातूचे पुढे आलेले कान, तुटलेले आढळले. एका फटक्यात नाही; फटीगने, म्हणजे पुनःपुन्हा ताण बसून. आणि हा ताण देत कोण होतं? उतरण्याआधी गिअर खाली आला की संगणक स्टिअरिंगची चाचणी घेई, चाक किंचित इकडे-तिकडे हलवून बघे. प्रत्येक उतरणीला एक झटका. यंत्रणा धड आहे ना हे बघणारी चाचणीच लगना झिजवत होती. मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सर्वांत चमत्कारिक वाटतो, आणि बातम्यांमध्ये तो जवळपास आलाच नाही.

एनटीएसबीने दुसरं बोट ठेवलं ते संगणकाच्या तर्कावर. लग तुटल्यावर आतले कॅम चाक सरळ करू शकत नव्हते. हायड्रॉलिक दाब ते करू शकला असता, पण संगणकाच्या रचनेमुळे चाक मध्यावर आणायला तो मिळालाच नाही. कॉकपिटमध्ये बसलेल्यांच्या हाती मग राहिलं ते एवढंच : इंधन जाळायचं आणि नाक शेवटी टेकवायचं.