‘आधी दारू सोड, मग मीटिंगला ये’? छे!
मालवणात कट्ट्यावर वर्षानुवर्षं ऐकतोय: अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगला जायचं तर आधी दारू सुटलेली हवी, वर गावभर नाव होतं. दोन्ही चूक. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या संघटनेची अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. फी नाही. आडनाव सांगावं लागत नाही (आमच्याकडे आडनावावरून वाडी कळते, म्हणून हे मोठंच!). पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीत गप्प बसलात तरी चालतं. ओळखीचं कोण भेटेल ही धास्ती असेल तर ऑनलाइन मीटिंगही असतात. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते; आधी डॉक्टर गाठावा.