पानगळीची फवारणी आणि शोध लावणाऱ्याची जबाबदारी

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात सप्टेंबर सरत आला की द्राक्षबागांवर इथेफॉन या रसायनाची फवारणी सुरू होते. ऑक्टोबर छाटणीआधी पानं गळावीत, काडीवरचे डोळे, म्हणजे नव्या फुटीच्या कळ्या, फुगावेत आणि पुढे एकसारखे फुटावेत, म्हणून ही पानगळ मुद्दाम घडवून आणतात. झाडात शिरलं की इथेफॉनमधून इथिलीन वायू सुटतो. पानाचा देठ काडीला जिथे जोडलेला असतो तिथे पेशींचा एक पातळ थर असतो. इथिलीन वाढलं की त्या थरातल्या पेशी एकमेकींपासून सुटू लागतात. पान पिवळं पडतं आणि नुसता हात लागला तरी देठासकट निसटतं.

बागायतदाराला यात नवल वाटत नाही. पण झाडाची पानं रसायन मारून हवी तेव्हा पाडता येतात, हे ज्ञान वाढत गेलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. आपला शोध कुठे वापरला जातो याची जबाबदारी शोध लावणाऱ्यावर किती, हा प्रश्न ज्याला खऱ्या अर्थाने भोगावा लागला, तो माणूसही याच विषयातला वनस्पतिशास्त्रज्ञ होता.

आर्थर गॅल्स्टन त्याचं नाव. १९४३ साली इलिनॉय विद्यापीठात तो डॉक्टरेट करत होता. प्रश्न साधा, शेतकऱ्याच्या उपयोगाचा: उत्तरेकडच्या भागात हंगाम छोटा, तर सोयाबीनला लवकर फुलोरा आणता येईल का? ट्रायआयोडोबेन्झोइक आम्ल नावाच्या रसायनाने ते साधतं, असं त्याला दिसलं. थोड्या प्रमाणात दिलं की फुलं लवकर येतात. त्याच वेळी आणखी एक गोष्ट त्याने नोंदवली. प्रमाण वाढवलं की पानं गळून पडतात. पानात तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक देठाचा सांधा टिकवून धरतं. हे रसायन ऑक्सिनच्या वाहण्यात अडथळा आणतं आणि सांधा सुटतो. प्रबंधात दोन्ही निरीक्षणं लिहून तो मोकळा झाला.

अमेरिकन लष्कराच्या मेरीलँडमधल्या कॅम्प डेट्रिक या जैविक युद्धाच्या केंद्रात तेव्हा नेमकं हेच शोधलं जात होतं. वाढीची संप्रेरकं जास्त मात्रेत दिली तर झाड मरतं, मग शत्रूची पिकं का मारू नयेत, ही कल्पना शिकागो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एझ्रा क्राउस यांनी युद्धाच्या सुरुवातीलाच पुढे केली होती. गॅल्स्टनचं निरीक्षण या कामाच्या उपयोगी पडलं. त्याला हे कळलं ते कितीतरी नंतर.

इथे एक खुलासा हवा. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने फवारलेलं एजंट ऑरेंज गॅल्स्टनने शोधलं, असं सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही. एजंट ऑरेंज म्हणजे २,४-डी आणि २,४,५-टी या दोन तणनाशकांचं जवळपास सारख्या प्रमाणातलं मिश्रण. गॅल्स्टनचं रसायन त्यात नव्हतं. पानगळीचा मार्ग दाखवणाऱ्यांत तो एक होता, इतकंच. तरीही त्याने हात झटकले नाहीत, आणि म्हणूनच त्याची गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

यातलं २,४-डी नाशिकला परकं नाही. १९४५ साली ते अमेरिकेत बाजारात आलं आणि रुंद पानांचं तण मारून गवतवर्गातलं पीक जसंच्या तसं ठेवणारं औषध म्हणून जगभर पसरलं. ऊस, गहू, मका यांत खुरपणीचे किती दिवस वाचले, याचा हिशेब करायला नको. ज्यांच्या कमरेला खुरपणीचा वाक आहे त्यांनाच विचारावं. पण द्राक्षवेल या औषधाला कमालीची नाजूक. शेजारच्या उसात मारलेलं २,४-डी वाऱ्याबरोबर बागेत आलं, तर कोवळ्या शेंड्याची पानं लहान राहतात, शिरा एकमेकींजवळ ओढल्या जातात आणि पान अर्धवट मिटलेल्या पंख्यासारखं दिसतं. बांधावरची भांडणं यावरून होतात. वाऱ्याने आलेला इतकासा तुषारही पान कसं आखडून टाकतो, हे पाहिलेल्या माणसाला विमानातून ते ओतलं गेल्यावर काय झालं असेल याची कल्पना करायला कुणाची मदत लागणार नाही.

व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेने सात कोटी लिटरहून अधिक तणनाशकं फवारली. पिंपांवरच्या नारिंगी पट्ट्यामुळे एका मिश्रणाला एजंट ऑरेंज हे नाव पडलं. जंगलातली लपण्याची जागा नाहीशी करणं हा एक हेतू, आणि भातशेती मारून शत्रूची उपासमार करणं हा दुसरा. खारफुटीची जंगलंच्या जंगलं वाळून गेली. शिवाय २,४,५-टी तयार होताना डायॉक्सिन नावाचं अत्यंत विषारी द्रव्य अशुद्धीच्या रूपाने त्यात उतरत होतं. भट्टीचं तापमान जास्त गेलं की ते अधिक तयार होतं. हे रसायनशास्त्रज्ञांच्या कानावर नव्हतं असं नाही. १९४९ साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या नायट्रो इथल्या २,४,५-टी बनवणाऱ्या कारखान्यात अपघात झाला आणि कामगारांच्या अंगावर क्लोरॅक्नी या त्वचारोगाचे फोड उठले. १९६५ मध्ये तर उत्पादक कंपन्यांची या अशुद्धीवर आपसात बैठकही झाली. त्यानंतरही फवारणी वर्षानुवर्षं चालू राहिली. माझ्या मते सगळ्यात मोठा दोष इथे आहे. शोध लावणं हा गुन्हा नव्हे. ठाऊक झालेलं चार भिंतींत ठेवणं हा गुन्हा.

गॅल्स्टन तोवर येल विद्यापीठात प्राध्यापक झाला होता. १९६६ साली त्याने अमेरिकेतल्या वनस्पतिक्रियाशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढे या फवारणीविरुद्ध ठरावाचा आग्रह धरला. संघटनेने तो घेतला नाही. मग त्याने सहकाऱ्यांच्या सह्या गोळा करून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना पत्र पाठवलं. सरकारचं उत्तर आलं, की ही रसायनं माणसाला धोक्याची नाहीत. तो थांबला नाही. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेलसन यांच्यासारखे शास्त्रज्ञही या कामात होते. २,४,५-टी मुळे उंदरांच्या पिल्लांत जन्मजात व्यंगं येतात, हे प्रयोगशाळेतले निष्कर्ष बाहेर आले आणि १९७० मध्ये एजंट ऑरेंजचा वापर थांबवावा लागला. १९७१ च्या सुरुवातीला विमानांची फवारणीही संपली.

नंतर त्याने या अनुभवावर लिहिलं. युद्धाची कामं अंगावर घेतली नाहीत की आपण सुटलो, असं पूर्वी त्याला वाटत असे. पण कुठलाही शोध वाईटाकडे वळवता येतो, तेव्हा ज्याला परिणामांची चाड आहे त्याने आपल्या कामाशी अखेरपर्यंत बांधलेलं राहावं, असं त्याचं मत झालं. उरलेली वर्षं त्याने विद्यार्थ्यांना जीवनैतिकता शिकवण्यात घालवली. २००८ मध्ये तो गेला.

नुसतं बांधलेलं राहणंही पुरत नाही, हे फ्रिट्झ हाबर यांच्याकडे पाहिलं की कळतं. १९०९ साली त्यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. आज आपल्या शेतात पडणारी युरियाची प्रत्येक गोणी त्या कामाची ऋणी आहे. तेच हाबर २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे झालेल्या क्लोरिनच्या हल्ल्याचे सूत्रधार होते. काही दिवसांतच त्यांच्या पत्नी, स्वतः रसायनशास्त्रज्ञ असलेल्या क्लारा यांनी स्वतःचा जीव घेतला. हाबर पुढेही विषारी वायूच्या वापराचं समर्थन करत राहिले, आणि १९१८ सालचं नोबेल त्यांना मिळालं. आपल्या शोधाशी ते अखेरपर्यंत जोडलेलेच होते. त्या शोधाखाली चिरडले गेलेल्यांशी मात्र नव्हते.

नाशिकने याच प्रश्नाची एक वेगळी बाजू २०१० मध्ये पाहिली. वेलीची वाढ आवरून काडीत घड धरावा म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड आपल्याकडे अनेक वर्षं वापरात होतं. त्या हंगामात युरोपच्या प्रयोगशाळांनी द्राक्षात त्याचे अवशेष मोजले. तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. त्यापेक्षा जास्त सापडले आणि कंटेनर बंदरांत अडकले. कर्ज काढून निर्यातीचा माल पिकवलेल्यांचं त्यात कंबरडं मोडलं. शेतकऱ्याने चोरून काही केलं नव्हतं. शिफारस होती, म्हणून तो वापरत होता. औषध सांगणारे, मर्यादा ठरवणारे आणि अवशेष तपासणारे, असे तीन ठिकाणचे तज्ज्ञ आपापल्या जागी बरोबर होते. एकाचं ज्ञान दुसऱ्यापर्यंत आणि तिथून बागेपर्यंत नेण्याचं काम कुणाचं, हे मात्र ठरलेलं नव्हतं. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांच्या तपासणीत या रसायनाची भर पडली.

ऑक्टोबर छाटणी झाली की डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइड लावतात. पेठ, सुरगाणा भागातून आलेल्या मजुरांच्या टोळ्या फडकं औषधात बुडवून काडी-काडीवरून फिरवत जातात. काम सुरू करताना मुकादम बजावतो: हातमोजे काढू नका, आणि आज-उद्या दारूला शिवू नका. सायनामाइड अंगात गेलेलं असताना दारू प्यायली की चेहरा लालभडक होतो, छाती धडधडते, श्वास लागतो, कारण दारू पचवणारं शरीरातलं एक विकर बंद पडलेलं असतं. हाबर यांची पद्धत रुळण्याआधी नायट्रोजन खतासाठी कॅल्शियम सायनामाइड बनवलं जाई, आणि त्याच्या कारखान्यांतल्या कामगारांत हे होतं, हे फ्रान्झ कोएल्श या जर्मन डॉक्टरने १९१४ साली लिहून ठेवलं. मुकादमाला कोएल्शचं नाव ठाऊक नाही. डब्यासोबतच्या बारीक अक्षरातल्या घडीपत्रकावर काय छापलंय, तेही टोळीतल्या बहुतेकांनी कधी वाचलेलं नसतं. म्हणून माझं मागणं एवढंच आहे: जो संशोधक बागेसाठी नवं औषध सुचवतो, त्याने छाटणीच्या दिवसांत एकदा त्या टोळीसमोर उभं राहावं आणि मुकादम जे सांगतो ते, आणि त्याला जे ठाऊक नाही तेही, स्वतःच्या तोंडाने सांगावं.