सॉव्हरिन हिल आणि माल्डन: एक बांधलेलं, एक उरलेलं

मेलबर्नला आईबाबा आले की कधीतरी 'सोन्याच्या खाणीचं जुनं गाव' दाखवायचं ठरतंच. कुणी बॅलरॅटचं सॉव्हरिन हिल सुचवतं, कुणी माल्डन. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात: पत्र्याचे व्हरांडे, लाकडी खांब, रंगवलेल्या पाट्या. पण एकाची अपेक्षा ठेवून दुसरीकडे गेलं की दिवस हुकतो.

सॉव्हरिन हिल हे गाव नाही, संग्रहालय आहे. जुन्या खाणीच्या जागेवर ते बांधून 1970 साली उघडलं. व्हिक्टोरिया राज्यात 1851 ला सोनं सापडलं, त्यानंतरच्या दशकातलं बॅलरॅट तिथे उभं केलंय. फाटकावर तिकीट काढायचं, आत त्या काळच्या पोशाखातली माणसं भट्टी चालवतात, मेणबत्त्या करतात, वितळलेलं सोनं साच्यात ओतून दाखवतात. संध्याकाळी फाटक बंद.

माल्डनला फाटकच नाही. साधारण दीड हजार वस्तीचं हे खरं गाव आहे. टॅरॅनगॉवर डोंगराच्या पायथ्याशी 1853 च्या अखेरीस सोनं मिळालं आणि वस्ती झाली. पुढे सोनं आटलं, माणसं निघून गेली, आणि जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसा उरला नाही. त्या गरिबीनेच मेन स्ट्रीट वाचवला. 1966 साली जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 'उल्लेखनीय गाव' म्हणून ऑस्ट्रेलियात सर्वांत आधी याचीच निवड केली. मात्र व्हरांड्यामागे आज कॅफे आहे, जुन्या वस्तूंचं दुकान आहे, कुणाचं तरी राहतं घर आहे. तेव्हा कुंपणाआड डोकावून फोटो काढू नयेत.

सोन्याच्या बाबतीतही दोन्ही जागा वेगळ्या. बॅलरॅटला सुरुवातीचं सोनं ओढ्याच्या गाळात होतं, पॅन, म्हणजे गाळ धुवायची पसरट थाळी, आणि पाणी एवढ्यावर मिळायचं. माल्डनचं वरवरचं सोनं लवकर सरलं, उरलं ते गारगोटीच्या खडकात. ते काढायला खाणीच्या खोल विहिरी, दगड कुटायची यंत्रं आणि वाफेची इंजिनं लागली. म्हणून माल्डनमध्ये पाहायचं ते बीहाइव्ह खाणीचं उंच विटांचं धुराडं आणि कार्मन्स टनेल. 1880 च्या दशकात कातळ फोडून काढलेल्या या 570 मीटर बोगद्यातून सोनं जवळजवळ मिळालंच नाही. आत मेणबत्तीच्या उजेडात नेतात, पण ठरावीक दिवशीच.

पॅन हातात घ्यायचं तर सॉव्हरिन हिललाच. तिथल्या ओढ्यात खऱ्या सोन्याचे कण टाकलेले असतात आणि ते तुम्हाला घरी नेता येतात. पॅन निम्मं भरा, वाळूपेक्षा खालचा खडा-गाळ घ्या. पूर्ण पाण्याखाली धरून डावी-उजवीकडे जोरात हलवा. तांदूळ रोळताना खडे तळाशी राहतात ना, तेच इथे करायचं. सोन्याची घनता 19.3, गारगोटीची 2.65, त्यामुळे सोनं खाली बसतं. मग पॅन किंचित कलतं करून वरचा थर पाण्याबरोबर सोडायचा, पुन्हा हलवायचं. चमचाभर काळी वाळू उरली की थोड्या पाण्यात हळू फिरवा. बहुतेकांचं चुकतं ते इथे: सोनं तळाशी बसायच्या आत पॅन कलतं करतात आणि सगळंच ओढ्याला परत देतात. चकाकलं म्हणजे सोनं असंही नाही. अभ्रक उन्हात चमकतं, सावलीत विझतं. सोनं सावलीतही पिवळंच राहतं.

बाहेर मोकळ्या रानात शोधायचं असेल तर 'मायनर्स राइट' हा परवाना लागतो, तो 10 वर्षं चालतो. त्याचं मूळही बॅलरॅटचंच. 1854 च्या युरेका उठावामागे, म्हणजे तिथल्या खाणकामगारांच्या बंडामागे, महिन्याच्या परवान्याचा जाच होता. तो जाऊन 1855 ला वर्षाला एक पौंडाचा मायनर्स राइट आला. परवाना खिशात असला तरी पायवाट सोडून भटकू नका, झुडपांत खाणींच्या जुन्या उघड्या विहिरी आहेत.

लहान मुलं बरोबर असतील तर सॉव्हरिन हिल, आणि अख्खा दिवस ठेवा. रस्ते मातीचे आणि चढाचे, बाबागाडी ढकलताना दम लागतो. बॅलरॅटचं वारं बोचरं असतं, जाकीट हवंच. मेलबर्नहून थेट ट्रेन आहे, साधारण दीड तास. माल्डनला अर्धा दिवस पुरतो, पण गाडी असलेली बरी. आठवड्याच्या सुरुवातीला बरीच दुकानं बंद असतात आणि दुपारी तीन-चारनंतर जेवण मिळणं कठीण, तेव्हा डबा न्या.

माल्डनहून कॅसलमेनला वाफेच्या इंजिनाची गाडी जाते, ठरावीक दिवशी. उन्हाळ्यात संपूर्ण आगबंदी (उघड्यावर आग पेटवायला मनाई) जाहीर झाली तर ठिणग्यांच्या भीतीने त्या दिवशी डिझेल इंजिन जोडतात. धुरासाठीच जात असाल तर आदल्या संध्याकाळी आगबंदीची घोषणा पाहून मग तिकीट काढा.