पीडीएफवरचा शेरा राहतो कुठे?

पीडीएफचा जन्म वाचण्यासाठी आणि छापण्यासाठी झाला, लिहिण्यासाठी नव्हे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅडोबीचे सहसंस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी 'कॅमलॉट' प्रकल्पाचं टिपण लिहिलं. एका संगणकावर तयार केलेला दस्तऐवज दुसऱ्या कुठल्याही संगणकावर जसाच्या तसा दिसावा आणि छापला जावा, एवढीच त्यातली मागणी होती. त्यातून १९९३ साली अ‍ॅक्रोबॅट हे पीडीएफ बनवण्याचं-वाचण्याचं सॉफ्टवेअर आणि खुद्द पीडीएफ बाजारात आले. पानावर अक्षर जिथे पडलं तिथे ते कायमचं पडलं, अगदी छापून झालेल्या कागदासारखं.

पण छापील कागद हाती आला की वाचणारा पेन्सिल काढतोच. समासात शेरा लिहितो, ओळ अधोरेखित करतो, चुकलेल्या शब्दावर काट मारतो. ही सवय पीडीएफ बनवणाऱ्यांनाही माहीत होती, म्हणून पहिल्याच आवृत्तीत चिकटचिठ्ठीसारखी मजकुराची टीप लावण्याची सोय होती. मात्र तेवढीच. हायलाइट, अधोरेखन, काट, हाताने काढलेली रेघ, शिक्का हे सगळं पीडीएफच्या १.३ या आवृत्तीत, म्हणजे अ‍ॅक्रोबॅट ४ च्या काळात आलं. चुकीच्या शब्दाखालची नागमोडी रेघ १.४ मध्ये आली, आणि मुद्रितशोधक वापरतात ती 'इथे घाला' अशी काकपदाची खूण १.५ मध्ये.

या सगळ्या खुणांमागची मूळ कल्पना मला फार आवडते. शेरा पानाच्या मजकुरात मिसळायचा नाही, त्यावर वेगळ्या थराने ठेवायचा. हायलाइट केलेली फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि थेट शेवटाला जा. बऱ्याचदा तिथे तुमचाच शेरा वाचता येतो: खुणेचा प्रकार, रंगाचे तीन आकडे, लिहिणाऱ्याचं नाव, तारीख आणि जागा. ही जागा आठ आकड्यांत सांगितलेली असते, चार कोपऱ्यांसाठी दोन-दोन. मोजमाप सहसा पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून होतं, आणि एका इंचाला ७२ एकक. म्हणजे आपण पिवळा केलेला शब्द कोणता, हे त्या खुणेला ठाऊकच नसतं. तिला फक्त चौकोन ठाऊक असतो. मूळ मजकूर बदलून नवी पीडीएफ काढली आणि जुन्या खुणा तिच्यावर आणल्या, की पिवळा पट्टा भलत्याच ओळीवर का बसतो याचं उत्तर इथे आहे.

या आठ आकड्यांच्या क्रमाचीही एक गंमत आहे. कोपरे घड्याळाच्या उलट दिशेने मोजावेत, असं पीडीएफच्या अधिकृत नियमपुस्तिकेत लिहिलेलं होतं. अ‍ॅक्रोबॅटने मात्र ते आधी वरचे दोन, मग खालचे दोन असे लिहिले. इतरांना अ‍ॅक्रोबॅटमध्ये नीट दिसणारा हायलाइट हवा होता, त्यामुळे त्यांनी लिखित नियम बाजूला ठेवून तोच क्रम उचलला.

शेरा फाइलच्या शेवटाला सापडतो, कारण पीडीएफमध्ये जुना भाग न खोडता बदल पुढे जोडत जाता येतं. मूळ बाइट जागच्या जागी राहतात. डिजिटल सही केलेल्या दस्तऐवजात मूळ मजकूर कोणता आणि नंतरची भर कोणती, हे म्हणूनच तपासता येतं. काळ्या पट्ट्याने मजकूर झाकणाऱ्यांना मात्र हेच महागात पडतं. पट्टा वर बसतो, खाली अक्षरं शाबूत असतात आणि कोणीही ती कॉपी करून घेऊ शकतं. पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत, तेव्हा ते खरोखर झाकलं जाई. इथे त्यासाठी मजकूर काढूनच टाकावा लागतो, आणि ते काम वेगळ्या साधनाचं आहे.

सोय होती, तरी ती बराच काळ सगळ्यांच्या हातात नव्हती. अ‍ॅडोबीच्याच मोफत रीडरमध्ये वाचता येई, शेरा लिहायचा तर विकतचं अ‍ॅक्रोबॅट लागे. अ‍ॅक्रोबॅट ७ च्या सुमारास पळवाट निघाली: दस्तऐवज पाठवणाऱ्याने त्यात परवानगी घालून दिली, तर मोफत रीडरमध्येही शेरे लिहिता येत. २०१० च्या रीडर १० मध्ये चिकटचिठ्ठी आणि हायलाइट सर्वांना खुले झाले, २०१२ च्या रीडर ११ मध्ये बाकीची साधनंही. दरम्यान २००८ मध्ये पीडीएफ आयएसओ ३२००० या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झालं होतं.

मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी वेगळी वाट धरली. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं ऑक्युलर हे पीडीएफ वाचण्याचं साधन सुरुवातीला शेरे पीडीएफमध्ये न लिहिता वापरणाऱ्याच्या संगणकावर वेगळे साठवायचं. मॅकवरच्या स्किम या तशाच साधनानेही फाइलच्या आतल्या मजकुराला हात लावला नाही. टिपा फाइलसोबतच्या विस्तारित गुणधर्मांत, म्हणजे फाइलला बाहेरून जोडलेल्या माहितीत ठेवल्या. मूळ प्रत कोरी राहावी हा त्यामागचा विचार मला पटतो. पण शेरा बहुतेक वेळा दुसऱ्या कोणासाठी असतो, आणि तो प्रतीसोबत गेला नाही तर लिहिणाऱ्याचे तास वाया जातात. ऑक्युलरमध्ये २०१२ साली शेरे पीडीएफमध्येच जतन करता येऊ लागले, ते पॉप्लर या पीडीएफ हाताळणाऱ्या मुक्त लायब्ररीच्या (तयार प्रोग्रॅम-संचाच्या) आधाराने.

पुढे ब्राउझरच वाचक झाला. फायरफॉक्समध्ये २०१३ पासून पीडीएफ थेट उघडू लागली. तिच्यावर मजकूर लिहिण्याची आणि रेघा काढण्याची सोय २०२२ मध्ये आली. २०२३ पासून पीडीएफ २.० चं मानकही विनामूल्य मिळू लागलं, त्यामुळे खुणांचे प्रकार आता कोणीही मुळातून वाचू शकतं.

नवं साधन हाती आलं की मी आधी एक ओळ पिवळी करतो, एक शेरा लिहितो, फाइल जतन करून दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडतो. तिथे पट्टा त्याच ओळीवर आणि शेरा शब्दन् शब्द दिसला, तरच खऱ्या कामाची फाइल त्या साधनात उघडतो.