जवस तक्त्याच्या तळाला कसं गेलं? ई जीवनसत्त्वाच्या मोजमापाची पार्श्वभूमी

विदर्भाला जवस नवं नाही. गरम भातावर जवसाची चटणी आणि कच्चं तेल हे इथलं रोजचं खाणं. सावजी रश्श्याची तर्रीही जुन्या घरांत जवसाच्या तेलाचीच असायची. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातल्या संशोधनातून ‘एनएल ९७’सारखे वाण निघाले. आता तेच जवस ‘फ्लॅक्ससीड’ म्हणून पाकिटात येतं आणि त्याच्या गुणांच्या यादीत ई जीवनसत्त्वही असतं. पण अमेरिकी कृषी खात्याचा अन्नघटकांचा तक्ता उघडला की १०० ग्रॅम जवसापुढे ई जीवनसत्त्व जेमतेम ०.३ मिलिग्रॅम दिसतं. सूर्यफुलाच्या बिया ३५, बदाम २५ च्या वर, शेंगदाणे ८. म्हणजे जवस पार तळाला.

गंमत अशी की त्याच तक्त्यात वेगळ्या ओळीत जवसाच्या नावावर आणखी सुमारे २० मिलिग्रॅम जमा आहेत. ते ई जीवनसत्त्वाच्याच कुळातले, फक्त हिशेबात धरत नाहीत. ही पद्धत कुठून आली ते पाहायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

१९२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलेला, हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन स्कॉट बिशप हे दोघे उंदरांना शुद्ध केलेल्या घटकांचा आहार देत होते. उंदीर वाढत होते, धडधाकट दिसत होते, माद्यांना गर्भही राहत होता. पण तो पोटातच जिरून जायचा. लेट्यूसची हिरवी पानं घातली की पिल्लं व्हायला लागायची. पुढे गव्हाच्या अंकुरानंही तेच काम केलं. १९२४ मध्ये बार्नेट शूर यांनी या अनाम घटकाला ‘ई’ हे अक्षर दिलं, कारण ए, बी, सी, डी वाटून झाले होते. १९३६ मध्ये इव्हान्स यांच्याच गटानं गव्हांकुराच्या तेलातून हा घटक शुद्ध रूपात वेगळा केला, त्याचं नाव अल्फा टोकोफेरॉल, आणि १९३८ मध्ये झुरिचच्या पॉल कॅरर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं.

हळूहळू कळलं की हे एक द्रव्य नसून आठ आहेत: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अशी चार टोकोफेरॉल आणि त्याच नावांची चार टोकोट्रायनॉल. यातलं कोण किती कामाचं, हे ठरवायला कसोटी मात्र जुनीच लावली गेली. उंदरिणीचा गर्भ टिकतो का? त्या परीक्षेत अल्फा पहिलं आलं, गॅमाला त्याच्या साधारण दहावा हिस्सा गुण मिळाले. गोळ्यांच्या पाकिटावर दिसणारं ‘आययू’ (आंतरराष्ट्रीय एकक) हे माप याच परीक्षेतून आलं. बरीच वर्षं आहारतज्ज्ञ गॅमाचे मिलिग्रॅम ०.१ नं गुणून का होईना, पण बेरजेत घेत. २००० साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं तेही थांबवलं. प्रौढ माणसाला दिवसाला १५ मिलिग्रॅम, आणि तेही फक्त अल्फा.

याला निव्वळ हट्ट म्हणता येणार नाही. आपल्या यकृतात एक वाहक प्रथिन असतं. जेवणातून आठही प्रकार आले तरी ते मुख्यतः अल्फाला उचलून रक्तात परत पाठवतं, बाकीच्यांची शरीर लवकर विल्हेवाट लावतं. हे प्रथिन जन्मतः बिघडलेलं असेल तर पुरेसं खाऊनही ई जीवनसत्त्वाची कमतरता होते, चालताना तोल जाऊ लागतो. त्यामागचा जनुकीय दोष १९९५ मध्ये सापडला. थोडक्यात, अल्फाची गरज पक्की सिद्ध आहे. बाकीचे सात बिनकामाचे आहेत, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. १९९७ मध्ये बर्कलेतूनच एक अभ्यास आला. नायट्रोजनची काही घातक संयुगं अल्फाच्या हातून निसटतात, ती गॅमा पकडतं, असं त्यात दिसलं. शिवाय अल्फाच्या मोठ्या गोळ्या घेतल्या की रक्तातलं गॅमा कमी होतं, हेही त्याआधीच कळलं होतं.

वनस्पतीच्या बाजूनं पाहिलं तर फरक आणखी छोटा निघतो. पानांत बहुधा अल्फा असतं, पुष्कळशा बियांत गॅमा. गॅमाचं अल्फा करणारी शेवटची पायरी बीमध्ये मंद चालते, इतकंच. १९९८ मध्ये अमेरिकेत शिंटानी आणि डेलापेन्ना यांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपाच्या बियांत त्या पायरीचं विकर (एन्झाइम) वाढवलं. एकूण साठा तेवढाच राहिला, पण अल्फा ८० पटींहून जास्त झालं. जवसाचंही तसंच आहे, साठा आहे पण अल्फाच्या आधीच्या, म्हणजे गॅमाच्या पायरीवर अडलेला. ही द्रव्यं तेलाला हवेपासून जपतात, तरी घाण्याचं जवस तेल लवकर खवट होतं, कारण त्यात निम्म्याच्या आसपास ओमेगा ३ असतं आणि ते हवेशी झटकन संयोग पावतं. याच गुणामुळे ते रंग-वॉर्निशात गेलं. फोडणीपेक्षा चटणीवर वरून घ्यायची जुनी रीत इथे शहाणपणाची ठरते.

नागपूरच्या स्वयंपाकघरात पुढे आलेली तेलं अल्फाच्या हिशेबात वरखाली आहेत. सरकीचं तेल चांगलं वर, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५ मिलिग्रॅम. १८७७ पासून इथे एम्प्रेस मिल ही कापडगिरणी चालली, १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, पण सरकीची ओळख बराच काळ ढोरांचं खाद्य हीच राहिली. तिच्या तेलात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, त्यामुळे रिफाइन केल्याशिवाय ते माणसाच्या पानात येत नाही. करडईचं तेलही सरकीच्याच पंगतीतलं, सूर्यफुलाचं थोडं वर, ४० च्या आसपास. सोयाबीनमध्ये अल्फा ८ च्या जवळपास आणि गॅमा त्याच्या कितीतरी पट. १९४२ साली सुरू झालेल्या इथल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये तेल तंत्रज्ञान शिकवलं जातं. तिथल्या विद्यार्थ्याला हे पाठ असेल. किराण्याच्या दुकानात मात्र सगळ्या बाटल्यांवर ‘व्हिटॅमिन ई’ एकाच ठशात छापलेलं असतं.

गोळ्यांचा जमाना १९९३ नंतर जोरात आला. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकार कमी दिसतो, असं अमेरिकेतल्या दोन मोठ्या पाहणी-अभ्यासांनी तेव्हा सांगितलं होतं. प्रत्यक्ष चाचण्यांनी पाणी फेरलं. २००० साली ‘होप’ चाचणीत साडेनऊ हजार रुग्णांत रोजच्या ४०० आययूचा काही फायदा दिसला नाही. २०११ मध्ये ‘सिलेक्ट’ चाचणीत, ३५ हजारांवर पुरुषांत, गोळी घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त झाला. दोन्हीकडे गोळीत फक्त अल्फा होतं. यावरून ‘मग गॅमा खा’ असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल; बदाम-शेंगदाण्यांवर मात्र या निकालांनी काही ठपका येत नाही.

या पडझडीनंतर विक्रेत्यांची नजर टोकोट्रायनॉलकडे वळली. सातूमधल्या टोकोट्रायनॉलमुळे यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती दबते, असं कुरेशी आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच दाखवलं होतं. पाम तेलातल्या ई कुळात बहुतांश टोकोट्रायनॉलच असतात, शेंदरी रंग देणाऱ्या अनॅटोच्या बीमध्ये तर जवळजवळ निव्वळ टोकोट्रायनॉलच, आणि भाताच्या कोंड्यात टोकोफेरॉल व टोकोट्रायनॉल दोन्ही. भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांतून निघणारा कोंडा त्यामुळे मोलाचा ठरतो, पण भात कांडला की कोंड्यातलं विकर काही तासांतच तेल नासवायला लागतं, म्हणून तो लगेच वाफवून स्थिर करावा लागतो. टोकोट्रायनॉलच्या माणसांवरच्या चाचण्या लहान आहेत, कोलेस्टेरॉलचे निकाल उलटसुलट आहेत आणि यकृताचं ते वाहक प्रथिन टोकोट्रायनॉललाही फारसं जवळ करत नाही. राइस ब्रान, म्हणजे कोंड्याचं तेल चांगलं आहे. त्याच्या जाहिराती पुराव्याच्या पुढे पळतात, असं माझं मत.

औषधाच्या दुकानातली ‘नैसर्गिक’ ई ची कॅप्सूल बरेचदा सोयाबीन तेलाच्या रिफायनरीतून येते. तेलाचा वास काढताना जो द्रव वेगळा निघतो, त्यात टोकोफेरॉल असतात, बहुतेक गॅमा. कारखान्यात त्यावर एक मिथाइल गट चढवून त्याचं अल्फा करतात, कारण पाकिटावरच्या आकड्यात तेच धरलं जातं.