नागपुरात दिव्यांग तपासणीला पोहोचणेच अवघड का: पार्श्वभूमी

कागदावरचा शब्द बदलत गेला: अपंग, विकलांग, दिव्यांग. नागपुरात विचारणा मात्र अजून ‘हँडिकॅप सर्टिफिकेट निघालं का, किती पर्सेंट बसले?’ अशीच होते. सगळी मदार त्या आकड्यावर. ४० टक्के भरले तर संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, एसटीची सवलत, नोकरीतल्या राखीव जागा यांसाठी अर्ज करता येतो. ३९ असले तर नाही. आणि हा आकडा घेण्यासाठी ज्याला चालता येत नाही त्यालाच प्रवास करून जावे लागते.

याचे मूळ अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्यात आहे. ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झालेल्या या कायद्याने ४० टक्क्यांची रेघ ओढली आणि दाखला देण्याचे काम वैद्यकीय मंडळाकडे सोपवले. मंडळात किमान तीन डॉक्टर, त्यांतला एक त्या विषयाचा तज्ज्ञ. तिघांना ओपीडी सांभाळून एका टेबलाशी आणायचे म्हणजे ठरावीक वार आणि मोठे रुग्णालय, हे ओघाने आलेच. त्या दिवशी पाऊस असला, गाडी मिळाली नाही, सोबतीला कोणाला सुट्टी नसली, की पुढच्या वाराची वाट पाहायची.

मोजण्याची पद्धत जून २००१ च्या मार्गदर्शक सूचनांनी पक्की केली. पाय गुडघ्यातून गेला तर ७५ टक्के, घोट्यातून गेला तर ५५. पाय आखूड असेल तर पहिला अर्धा इंच सोडून पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला ४ टक्के. सांधा किती वाकतो ते गोनिओमीटर या कोन मोजण्याच्या साधनाने पाहतात, स्नायूची ताकद ० ते ५ अशा श्रेणीत लावतात. दोन व्यंगे असली तर सरळ बेरीज होत नाही. ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचे आणि आलेले उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचे. त्यामुळे ५० आणि ३० मिळून ८० न होता ६३ होतात. घरच्यांना वाटते डॉक्टरांनी मुद्दाम कमी केले. मुद्दाम काही नसते, सूत्रच तसे आहे. पण केंद्राच्या दिव्यांग पेन्शनला ८० लागतात, म्हणून हा फरक खिशाला जाणवतो. हे सगळे अंगाला हात लावून करायचे काम, नुसत्या एक्स-रेवर भागत नाही.

डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीने एक शहाणी वाट काढली होती: कापलेला पाय, पूर्ण लुळा पडलेला हात असे उघड दिसणारे अपंगत्व प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एकाच डॉक्टरनेही प्रमाणित करावे. पुढे महाराष्ट्रात एसएडीएम ही संगणक प्रणाली आली. बोगस दाखल्यांना आळा घालणे हा हेतू रास्तच होता, पण लॉगिन ज्या रुग्णालयाकडे, दाखला तिथलाच, असे झाले आणि काम पुन्हा मोठ्या इमारतींकडे ओढले गेले. २०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, तेव्हा अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार त्यात आले, हे विदर्भासाठी फार महत्त्वाचे होते. रांगही अर्थातच लांबली. १ जून २०२१ पासून दाखला फक्त युडीआयडी (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) पोर्टलवरूनच. फॉर्म घरी बसून भरता येतो, तपासणी नाही.

नागपूर जिल्ह्यात १४ तालुके. शहरात लोक मेयो किंवा मेडिकल ही मोठी सरकारी रुग्णालये गाठतात. नरखेड किंवा भिवापूरहून येणाऱ्याचा, व्हीलचेअर आणि एक सोबती धरून, सबंध दिवस जातो, सोबत्याची मजुरीही बुडते. मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आहे, मेयोजवळ दोसर वैश्य चौक स्थानकही आहे. अडते ते स्थानकातून बाहेर पडल्यावर, उखडलेल्या फुटपाथवर आणि मे महिन्यातल्या उन्हात. रॅम्पचे प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर उतार. जागा नाही म्हणून तो निम्म्या लांबीत बसवला तर व्हीलचेअर ढकलणारा दमतो, एकट्याला तर चढताच येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करा, असे २०१६ च्या कायद्याचे कलम ४५ सांगते. नियम आले १५ जून २०१७ ला. मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचा नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण तो निकषांना सक्तीऐवजी शिफारशीचे रूप देत होता.

फेऱ्या वाढतात त्या बहुतेक दोन कारणांनी. आधार आणि अर्जातले नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही, हे पहिले. दुसरे, घाई: पक्षाघातासारख्या मज्जासंस्थेच्या आजारात मोजणी सहा महिन्यांनंतर करायची असते, आणि लोक दुसऱ्याच महिन्यात पेशंटला उचलून आणतात.

ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने दाखला देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली. अर्ज दोन वर्षे निर्णयाविना राहिला तर तो निष्क्रिय होतो. युडीआयडी कार्डालाही टक्क्यांप्रमाणे रंग आले: ४० पेक्षा कमी पांढरे, ४० पासून ८० च्या आत पिवळे, ८० आणि त्यावर निळे.

२०१७ च्या नियमांतली एक सोय मात्र फारशी वापरली जात नाही. अर्ज राहत्या जिल्ह्यातल्या प्राधिकरणाकडेच करावा असे नाही. ज्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत तिथेही करता येतो. अपघातानंतर जिथल्या ऑर्थो वॉर्डात महिनाभर काढला, तिथल्याच फॉलोअपच्या तारखेला तपासणी जोडून मागावी. डिस्चार्ज कार्ड, जुने एक्स-रे, आधार, दोन फोटो सोबत न्यावेत, आणि कपडे सैल असावेत, कारण खुब्यापासून घोट्यापर्यंत सगळे सांधे मोजले जातात.